बाळंतपणाची बातमी व्हायरल झाली तर ती कशी वाचायची, आणि खरी वेळ आली तर काय करायचं

परवा आमच्या गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. रस्त्याच्या कडेला 108 उभी, वरून पाऊस, चार बाया लुगड्याचा आडोसा धरून उभ्या आणि खाली लिहिलेलं "गर्भवतीची भर रस्त्यात प्रसूती, आरोग्य यंत्रणा झोपेत". तासाभरात सगळ्यांनी पुढे ढकलला, पण बाई कशी आहे, लेकरू रडलं का, हे एकानेही विचारलं नाही. मी एएनएम, म्हणजे गावात बाळंतपणं आणि तपासण्या करणारी सरकारी नर्स आहे, यवतमाळ जिल्ह्यात झरी-वणीच्या पट्ट्यात आधी उपकेंद्रात आणि मग लेबर रूममध्ये मिळून 16 वर्षं झाली, आणि अशा बातम्या पाहून जीव तुटतो कारण घरच्यांना जे कळायला पाहिजे नेमकं तेच त्यात नसतं. त्या व्हिडिओतल्या बाईचं तिसरं बाळंतपण होतं, लेकरू 2 किलो 700 ग्रॅमचं, दोघं दुसऱ्या दिवशी वॉर्डात बसून होते, हे मला तिथल्या आशाताईने फोनवर सांगितलं. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकावं.

बातमीत नेहमी शेवटचा अर्धा तास असतो. जेसीबी, खाट, दवाखान्याचं दार, नातेवाईकांचा गोंधळ, एवढंच. पण बाळंतीण अर्ध्या तासात बिघडत नाही, ती बऱ्याचदा आधीपासून घसरत असते, कधी कधी दोन महिन्यांपासून. म्हणून कोणतीही बातमी आली की मी मनात चार गोष्टी विचारते, तुम्हीही विचारा. किती महिने भरले होते आणि कितवं बाळंतपण होतं. कार्डावर हिमोग्लोबिन आणि बीपी किती होतं. कळा किती वाजता सुरू झाल्या आणि घरून किती वाजता निघाले. आणि कुठून कुठे, किती ठिकाणी रेफर झाली. या चारपैकी एकाचंही उत्तर बातमीत नसेल तर ती वाचून कोणाची चूक हे ठरवूच नका, ठरवता येतच नाही.

थॅडियस आणि मेन या दोघींनी 1994 मध्ये एक साधी मांडणी केली होती, ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवतात, तीन उशीर. घरात "न्यायचं" हे ठरवायला उशीर, रस्त्यात पोचायला उशीर, आणि पोचल्यावर इलाज सुरू व्हायला उशीर. कॅमेऱ्यात दुसरा आणि तिसरा उशीर दिसतो, पहिला कोणालाच दिसत नाही कारण तो घरात होतो, सासू म्हणते थांब अजून, नवरा कापसाच्या गाडीवर गेलेला असतो, फोनला रेंज नसते, गाडीभाड्याला पैसे नसतात. मी हे दोष द्यायला सांगत नाही, तिसरा उशीरही खरा असतो, रात्री भूलतज्ज्ञ नसतो, रक्त नसतं, आणि आम्ही सुद्धा हतबल होऊन रेफरची चिठ्ठी लिहिलेली आहे. पण तीनही मोजा.

आता एकेक बातमी घेऊ.

"रस्त्यात प्रसूती", "संडासात प्रसूती". ऐकायला भयंकर वाटतं, पण दुसरं-तिसरं बाळंतपण असलं की गर्भपिशवीचं तोंड कधी कधी फार झटकन उघडतं आणि तास-दोन तासात लेकरू बाहेर. संडासातलं कारण तर अगदी सरळ आहे, बाळाचं डोकं खाली सरकलं की ते मागच्या जागेवर दाबतं आणि बाईला वाटतं पायखान्याला लागली. एका पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची बाई, कळा आलेल्या, मला म्हणे "सिस्टर, मले संडासले जाऊ द्या न, लय जोराची लागली". मी तिला टेबलावर घेतलं आणि हातमोजा घालेपर्यंत केस दिसले. म्हणून घरात लक्षात ठेवा, दिवस भरलेली बाई कळा येता येता अचानक संडासला जाते म्हणाली तर तिला एकटीला पाठवू नका, आणि गाडी अजून आलेली नसेल तर आता घरीच तयारी करा.

अशा वेळी घाबरून जे केलं जातं त्यानेच जास्त नुकसान होतं, म्हणून हे जरा सावकाश वाचा. आधी 108 ला फोन लावा आणि फोन स्पीकरवर ठेवा. हात साबणाने धुवा. बाईला उताणी दाबून धरू नका, कुशीवर किंवा अर्धवट बसती चालते. पोटावर वरून दाब द्यायचा नाही, आमच्याकडे ही सवय फार आहे, एक बाई डोक्याशी बसून कोपराने दाबते, त्याने पिशवी फाटू शकते. डोकं दिसलं की ओढायचं नाही, फक्त खाली हात धरायचा, बाळ बुळबुळीत असतं, निसटतं. बाहेर आलं की लगेच कोरड्या सुती कापडाने पुसा, पाठ चोळा. 100 मधली 85 बाळं आपोआप रडतात, अजून 10 पुसल्या-चोळल्यावर, उरलेल्या थोड्यांना अंबू बॅगने (तोंडावर मास्क लावून हाताने दाबायचा फुगा) श्वास द्यावा लागतो आणि ते एका मिनिटात सुरू व्हायला पाहिजे. उलटं लटकवून चापट्या मारायच्या नाहीत, त्याने काही होत नाही. ओलं कापड टाकून द्या, बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून दुसरं कोरडं कापड, डोक्याला टोपरं. श्रावणात पाऊस लागला की घरातली हवा किती गार असते, आणि पाण्यातून निघालेलं लेकरू पाच मिनिटात थंड पडतं, गार पडलेलं लेकरू दूध पीत नाही, मग श्वास मंदावतो. आंघोळ तर निदान 24 तास नाहीच.

नाळ कापायची घाई कोणालाच नसावी. विळा नाही, जुनी ब्लेड नाही, वर शेण-राख-हळद काहीच नाही. गाडी येत असेल तर नाळ तशीच राहू द्या, वार (नाळ जिला जोडलेली असते तो मांसल गोळा) पडली तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाळाच्या बाजूला ठेवा, सिस्टर कापेल. वार ओढायची नाही. अर्ध्या तासात वार पडली नाही किंवा रक्त जास्त वाटलं तर हा धोका आहे. बाळाला लगेच छातीला लावा, त्याने पिशवी आवळते. वार पडल्यावर बेंबीच्या खाली हात ठेवून पहा, नारळासारखी टणक गोळी लागली तर पिशवी आवळली, मऊ लागली तर तळहाताने गोल गोल चोळत रहा आणि बाईला लघवी करायला लावा, भरलेली लघवीची पिशवी गर्भपिशवीला आवळू देत नाही.

आता ती बातमी जिच्यावरून सगळ्यात जास्त तोडफोड होते, "सुखरूप प्रसूतीनंतर दोन तासांत महिलेचा मृत्यू, डॉक्टरांचा हलगर्जीपणा". दिवस भरलेल्या गर्भपिशवीला मिनिटाला 500 ते 700 मिली रक्त मिळत असतं. वार सुटली की त्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात आणि त्या बंद करायला फक्त पिशवीचं आवळणं हेच मुख्य साधन आहे. पिशवी थकली, आवळली नाही, तर नळ उघडा राहिल्यासारखं रक्त जातं. 500 मिलीच्या वर गेलं की आम्ही त्याला रक्तस्राव म्हणतो. पूर्ण भिजलेल्या मोठ्या पॅडमध्ये साधारण 100 मिली मावतं, आणि आम्ही भिजलेली कापडं काट्यावर ठेवतो, कोरड्या कापडाचं वजन वजा, उरलेलं एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. डोळ्याने अंदाज नेहमी कमीच येतो, मला सुद्धा.

यात घरच्यांना न दिसणारी गोष्ट म्हणजे हिमोग्लोबिन. 11 वाली बाई 600-700 मिली गेलं तरी बहुतेक वेळा सावरते, 6 वाल्या बाईला तेवढंच रक्त गेलं तर ती डोळ्यादेखत पांढरी पडते. मला एक आठवते, नाव-गाव सांगत नाही, तिची आई मला म्हणे "बाई, तेवढं तर सगळ्याइचंच जाते, मग माही पोरगी काहून गेली". मी तिला कार्ड उघडून 6.2 दाखवलं. ते कार्ड दर महिन्याला घरीच होतं, लोखंडाच्या गोळ्यांची पाकिटं सुद्धा घरीच होती, भरलेली. गोळीने शी काळी होते, मळमळ होते म्हणून खात नव्हती आणि आम्ही कोणी पाकीट उघडून मोजलं नव्हतं. ती चूक मी आजही माझी मानते. तेव्हापासून घरी गेली की गोळ्या मोजते.

रक्तस्रावावर इलाज आहे आणि तो वेळेत झाला तर बहुतेक बाया वाचतात. लेकरू झाल्यावर मिनिटभरात मांडीत ऑक्सिटोसिनची 10 युनिटची सुई, पिशवी चोळणं, ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे रक्त थांबवायचं औषध, ते बाळंतपणानंतर 3 तासांच्या आत द्यायला पाहिजे, सलाईन, मग फुग्याने पिशवी आतून दाबणं, रक्त, आणि शेवटी ऑपरेशन. 2023 मध्ये ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास आला होता, त्यात खाली मोजपट्टी असलेली पिशवी लावून रक्त मोजलं आणि हे सगळे उपाय एकदम सुरू केले तर जास्त रक्तस्रावाचे प्रसंग 60 टक्क्यांनी कमी झाले. म्हणून डॉक्टरांनी "यवतमाळला न्या" किंवा "नागपूरला मेडिकलला न्या" म्हटलं की तिथे भांडत बसण्यात 20 मिनिटं घालवू नका, पण हे चार प्रश्न नक्की विचारा: सुई दिली का, सलाईन चालू आहे का, सोबत सिस्टर येते का, पुढच्या दवाखान्याला फोन केला का. हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

"गर्भवतीला झटके, करणीचा संशय." हे ऐकलं की मला झोप लागत नाही. डोळे वर, दात आवळलेले, तोंडाला फेस, आणि घरचे आधी भगताकडे नेतात. पोटुशी बाईला 20 आठवड्यांनंतर झटके आले तर ते वाढलेल्या बीपीचे आहेत असंच धरून चालायचं, जोपर्यंत डॉक्टर दुसरं काही सांगत नाही. लेकरू झाल्यावरही येऊ शकतात, पहिल्या दोन दिवसांत तर जास्तच, म्हणून बाळंतीण घरी आणली म्हणजे संपलं असं नाही. याची सूचना आधी मिळते: बीपी 140/90 किंवा वर, चेहऱ्यावर आणि हाताला सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यासमोर काजवे, छातीखाली पोटात दुखणं. यावर मॅग्नेशियम सल्फेटची सुई आहे, जुनी आणि स्वस्त, पहिला डोस खालच्या दवाखान्यातही देता येतो आणि तो देऊनच पुढे पाठवायला पाहिजे. झटका येत असताना कुशीवर वळवा, तोंडात चमचा-चप्पल-कांदा काही घालू नका, पाणी पाजू नका.

"डॉक्टर म्हणाले आई वाचवू की बाळ." हे लोक खरंच मानतात, एका नवऱ्याने मला हात जोडून म्हटलं होतं "सिस्टर, बाईले वाचवा, लेकरू राहू द्या", आणि त्याला कोणी विचारलं पण नव्हतं. खऱ्या लेबर रूममध्ये असा सवाल कोणी बाहेर येऊन टाकत नाही. आईचा जीव आधी, हे ठरलेलं असतं, आणि बऱ्याचदा बाळाला लवकर बाहेर काढणं हाच दोघांचाही इलाज असतो. सही घेतात ती ऑपरेशनची संमती असते, आणि बाई शुद्धीवर असेल तर सही तिची, सासऱ्याची नाही.

"गळ्यात नाळेचा फास." दर चार-पाच बाळांत एकाच्या गळ्यात नाळ असते. मी कितीदा बोटाने सरकवून डोक्यावरून काढली असेल त्याचा हिशोब नाही. फक्त नाळ गळ्यात आहे एवढ्यावरून सिझर लागत नाही, बाळाचे ठोके बिघडले तर लागतं. तसंच "बाळाने पोटात शी केली", तेही बरेचदा घडतं, सगळ्यांना त्रास होत नाही, ठोके आणि पाण्याचा रंग पाहून ठरवायचं असतं. इथे एक खरं सांगते, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात खाजगी दवाखान्यांत 47.4 टक्के सिझर होते आणि सरकारीत 14.3. म्हणजे न लागणारी सिझर होतात, आणि लागणारी सिझर भीतीने नाकारली पण जातात. दोन्ही वाईट. डॉक्टरला विचारा की ठोके किती आहेत, पिशवीचं तोंड किती उघडलं, किती तासांपासून तेवढंच आहे. पहिलटकरणीला तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यावर पुढे 12 तासांपर्यंत लागू शकतात, तोपर्यंत बाळ आणि आई बरे असतील तर धीर धरता येतो.

उलट गावात कळा वाढवायची सुई टोचून घेणं बंद करा, मी हात जोडते. बॅग घेऊन फिरणारा कोणी येतो, एक सुई देतो, कळा जोरात येतात आणि घरचे खूश. तीच ऑक्सिटोसिन असते, लेकरू व्हायच्या आधी तिला थेंब थेंब सलाईनमधून आणि ठोके बघत द्यायची असते. दंडात एकदम टोचली तर बाळ गुदमरू शकतं, आणि आधीचं सिझर असेल तर पिशवी फाटू शकते. मग ती आमच्याकडे येते आणि कोणी सांगत नाही की सुई दिली होती.

विचित्र बाळांच्या बातम्या वेगळ्याच. "बाळाच्या पोटात बाळ" ही 2025 च्या सुरुवातीला आपल्याच बुलडाण्याची होती, सोनोग्राफीत दिसलं आणि पुढे अमरावतीला त्या नवजात बाळाचं ऑपरेशन झालं. साधारण 5 लाखांत एक होतं. जुळ्यातला एक गर्भ वाढीच्या अगदी सुरुवातीला दुसऱ्याच्या अंगात गुंतून राहतो, बाळ काही गरोदर नसतं. 1999 मध्ये नागपूरकडच्या 36 वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोटातून मुंबईला असंच काढलं होतं, त्याला आयुष्यभर लोक पोटावरून बोलले होते. 2016 मध्ये नागपूरला जाड कातडीचं, भेगा पडलेलं बाळ जन्मलं, हार्लेक्विन इक्थिओसिस, आणि त्या लेकराचा फोटो "एलियन" म्हणून जगभर फिरला. ते दोन दिवस जगलं. आई-बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं की होतं, नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते, आईने ग्रहणात काही कापलं म्हणून नाही. डोक्याचा वरचा भाग न बनलेलं बाळ, ज्याला लोक बेडूक म्हणतात, ते बऱ्याच वेळा टाळता येतं, कारण मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यातच बंद होते, बाईला दिवस गेलेले कळायच्या आत. म्हणून लेकरू पाहिजे असं ठरलं की आधीपासूनच रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. अशा बाळाचा फोटो आला तर तो डिलीट करा, तिकडे कोणाची तरी कूस असते.

"मृत घोषित केलेलं बाळ स्मशानात रडलं" ही कधी कधी खरी असते. फार कमी दिवसांचं, गार पडलेलं बाळ, ठोके इतके मंद की हाताला लागत नाहीत. स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिट ऐकलं पाहिजे, हे ज्याने केलं नाही ती चूकच आहे, त्याची पाठराखण मी करणार नाही.

आपल्या भागाचं म्हणून दोन गोष्टी. सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे, लग्नाआधी नाही तर निदान पहिल्या तपासणीत टेस्ट करून घ्या, एसएस (आई-बाप दोघांकडून आलेला सिकलसेल) असेल तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच, रक्ताची सोय आधी. आणि पूर. 2024 च्या पावसाळ्यात गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात एका गर्भवतीला जेसीबीच्या बकेटमधून नाला ओलांडून नेलं, सगळ्यांनी पाहिलं. पूल व्हायलाच पाहिजे, त्यासाठी भांडा. पण पूल होईपर्यंत माहेरघर आहे, आदिवासी भागातल्या काही पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) आवारात तारखेच्या आधी चार-पाच दिवस राहता येतं, सोबत घरचं माणूस. रोवणीच्या दिवसांत कोणी यायला तयार नसतं मला माहीत आहे, तरी नाल्यापलीकडच्या गावातल्या बाईने तारखेच्या आठवडाभर आधी अलीकडे यावंच, माहेरघर नसेल तर पाहुण्यांकडे.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरची फुकट तपासणी असते. जननी-शिशु सुरक्षा या सरकारी योजनेत बाळंतपण, सिझर, औषध, रक्त, न्यायची-आणायची गाडी सगळं मोफत आहे, 102 त्यासाठीच, कोणी पैसे मागितले तर देऊ नका आणि तक्रार करा.

आणि वाईट झालंच, बाई किंवा बाळ गेलं, तर व्हिडिओ काढायच्या आधी केसपेपरची प्रत लेखी मागा, मागितल्यापासून 72 तासांत द्यावी लागते. शंका असेल तर पोस्टमार्टेम करायला सांगा, मला माहीत आहे त्या वेळी मन होत नाही, पण नंतर काहीच सिद्ध करता येत नाही. प्रत्येक मातामृत्यूची चौकशी होते, काही दिवसांनी कोणीतरी घरी येऊन विचारतं. त्यांना खरी वेळ सांगा, कळा रात्री 11 ला लागल्या असतील तर 11 च सांगा, सुई टोचली असेल तर टोचली म्हणा, वाटेत गाडी बंद पडली, दवाखान्यात कोणी हात लावला नाही, तेही तितकंच स्पष्ट सांगा, आणि लिहिलेलं वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.